शाई : एक वाचक

तळा नावाच्या गावी माझी बदली झाली तेव्हा मला एकेचाळिसावं लागलं होतं. जमीन मोजणीच्या कचेरीत मी अनुरेखक होते. जुना, घड्यांवर फाटायला आलेला गावनकाशा खाली ठेवायचा, त्यावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, एवढंच काम. पदरचं काही घालायचं नाही, खालचं काही गाळायचं नाही. बांध वळला की रेघ वळली पाहिजे. माझा हात चांगला आहे असं साहेब म्हणायचे. चांगला म्हणजे काय, तर माझा नकाशा आणि दुसऱ्या कुणा चांगल्या अनुरेखकाचा नकाशा शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते कळत नसे.

घर किहीमला, आई तिथे. शनिवारी दुपारी एसटीने जायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचे. मधले दिवस तळ्यात एका घराच्या मागच्या खोलीत. पाच वाजता कचेरी सुटली की करण्यासारखं काही नसायचं. बाजारातून दोन चकरा मारायच्या, कुणी ओळखीचं भेटलं तर बोलायचं. बहुतेक वेळा कुणी भेटत नसे.

बाजारात सुकी मासळी विकणारी एक बाई बसायची. एकदा मी तिच्याकडून सुके बोंबील घेतले. तिने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "ताय, कागद चित्राचा हाय, साधा न्हाय. चालंल ना?"

मी म्हटलं, चालेल.

खोलीवर येऊन बोंबील डब्यात भरले आणि तो कागद टाकायला म्हणून उचलला. लाल हातमोजे घातलेल्या एका माणसाने तुटलेल्या क्रेनची तार दोन्ही हातांनी धरली होती आणि तारेला एक अख्खी बोट लोंबकळत होती. चित्र पोरकटच. पण माझी नजर मनगटावर अडकली. मनगटाच्या खालच्या अंगाची रेघ जाड होती, वर उजेडाकडे येताना बारीक होत होत जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि पुन्हा अंगठ्यापाशी भरली होती. एकाच निबने, हात न उचलता काढलेली. आमच्या कचेरीत अशी रेघ काढली असती तर साहेबांनी ब्लेडने खरवडायला लावली असती. मी तो वास मारणारा कागद खिडकीत वाळत घातला.

पुढच्या आठवड्यात मी तिला विचारलं, असे आणखी कागद आहेत का. तिने रद्दीचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घे, तुला आवडलंय तर घे." त्यात मला अडीच अंक सापडले. शेवटच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता होता. मुंबईतला छोटा प्रकाशक, मराठीत दरमहा चोवीस पानांचा चित्रकथेचा अंक. मी वर्गणी भरली.

त्या नायकाची गोष्ट अशी. मुंबईच्या गोदीत क्रेन चालवणारा एक मध्यमवयीन माणूस. एका अपघातानंतर त्याच्या हातांत वाटेल ते उचलण्याची ताकद येते. दिवसा तो कामावर जातो, आणि शहरावर संकट आलं की कामाचेच लाल हातमोजे घालून धावतो. मला उडणारी, झगे घातलेली माणसं आवडली नसती. हा माणूस उडत नव्हता. कुठेही पोचायला त्याला चालत किंवा टॅक्सीने जावं लागे. ते मला बरं वाटलं.

मी वाचताना समासात पेन्सिलने लिहायला लागले. आधी फक्त शाईबद्दल, कारण मला तेवढंच कळत होतं. मग चौकटींबद्दल, मग लेखनाबद्दलही. लेखकावर माझा राग होता. माणूस गच्चीवरून खाली पडताना चित्रात स्वच्छ दिसतोय, तरी त्याच्या तोंडच्या फुग्यात "अरे, मी पडतोय" असं लिहिलेलं. नायकाची आई तर तीनदा मेली. दोनदा लेखकाने ती परत आणली, तिसऱ्यांदा बहुधा तिला मारलंय हे तो विसरून गेला. चित्रकार मात्र दर वेळी तिला नव्याने काढायचा. तिच्या पदराची पिन, चष्म्याची दोरी, सगळं जागच्या जागी असायचं. जिला पुढच्या अंकात मारायचंय तिच्यासाठी एवढे कष्ट घेणारा माणूस कसा असेल, असं मला वाटायचं.

चार वर्षांनी माझी जवळच अलिबागला बदली झाली आणि मी किहीमला घरी राहायला आले, तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. दीड वर्षाने ती गेली. त्याच सुमारास कचेरीत नकाशे संगणकावर होऊ लागले. माझं नकाशे उतरवायचं टेबल मागच्या खोलीत गेलं आणि मला आवक-जावकच्या नोंदवहीवर बसवलं. कुणी काही वाईट केलं नाही, सगळीकडे तसंच होत होतं. पण वीस वर्षं ज्या हाताने नकाशे उतरवले त्याने आता टपालावर शिक्के मारायचे, याची सवय व्हायला वेळ लागला.

भाऊ पुण्याला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा.

"एकटी कशाला राहतेस? वाडी कुणाला तरी कसायला देऊ, तू इकडे ये."

"आणि तिकडे येऊन काय करू?"

"इथे माणसं आहेत."

"तुमची आहेत," मी म्हणायचे. मग तो वहिनीकडे फोन द्यायचा.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी एकदा माझ्या पिशवीतला अंक बघितला. समासातलं सगळं उभ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "हे इथे कोण वाचणार? इंटरनेटवर टाका." जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला पान उघडून दिलं. मी दर महिन्याला अंक आला की त्यावर लिहायला लागले. लेखन, चित्र, शाई, रंग, अक्षरं अशा क्रमाने. आपलं नाव घातलं नाही. वाचणारे किती होते मला माहीत नाही. लिहून कळवणारे एकच गृहस्थ होते, विदर्भातले, निवृत्त कंपोझिटर. त्यांना माझी मतं पटत नसत आणि ते तसं रीतसर कळवत. "तुम्ही रेघेकडे फार बघता, गोष्टीकडे कमी," असं त्यांनी पहिल्याच वेळी लिहिलं. त्यांचं उत्तर यायची मी वाट बघायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एका अंकाचं मी फार कौतुक केलं होतं. त्यात एक पान पूर्ण मुकं होतं. नायक क्रेनच्या केबिनमध्ये बसून डबा खातो, एवढंच. पाच चौकटी. पहिल्या चारांत तो चित्रात आहे, पाचवीत फक्त डब्याचं उपडं झाकण आणि काचेपलीकडे बंदर. एकही फुगा नाही. मी लिहिलं की या लेखकाने आजवर लिहिलेलं सर्वांत चांगलं पान हेच, कारण यात त्याने काहीच लिहिलेलं नाही. त्यावर विदर्भातल्या त्या गृहस्थांनीही प्रथमच "सहमत" एवढं कळवलं.

मग तो अंक आला, ज्यात नायक आमच्या किनाऱ्यावर येतो. मुखपृष्ठावर अलिबागचा पाण्यातला किल्ला. मी तो अंक पोस्टातच उभ्याने उघडला. पहिल्याच पानावर भरती, लाटा तटावर आपटतायत. त्याच प्रसंगाच्या पुढच्या चौकटीत घोडागाडी ओहोटीच्या उघड्या वाळूतून किल्ल्याकडे चाललेली. पुन्हा लाटा. एवढ्या वेळात भरती-ओहोटी होत नाही हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नायक ज्या वाडीत लपतो तिथे पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, म्हणून जी काढली होती ती सगळी माडाची होती, फक्त बुटकी. त्याहून वाईट म्हणजे रेघ. ती जागोजाग तुटलेली होती, खांद्यांच्या कडा लडबडलेल्या होत्या. ज्या हाताचं मनगट मी तळ्यात खिडकीत वाळत घातलं होतं, तो हात हा नव्हता.

मी रागाने लिहिलं. पाण्याबद्दल लिहिलं, पोफळीबद्दल लिहिलं, आणि शेवटी लिहिलं : "शाईचं काम चित्रकाराने या वेळी दुसऱ्या कुणाकडून उरकून घेतलेलं दिसतं. वर्षानुवर्षं वर्गणी भरणाऱ्या वाचकाची ही फसवणूक आहे."

तीन दिवसांनी उत्तर आलं.

"मॅडम, पोफळीचं कबूल. पाण्याचंही कबूल. अलिबागला मी एकदाच आलोय, एका लग्नाला, आणि जेवून परत गेलोय. पण रेघ माझीच आहे. दीड वर्षापासून उजवा हात थरथरतो. औषध चालू आहे. तुमचं लिखाण मी पहिल्यापासून वाचतो. पोफळ दाखवाल का?"

मी ते कचेरीत वाचलं. समोर टपालाचा ढीग होता. मी बराच वेळ एकाच पाकिटावर शिक्का धरून बसले असेन, कारण शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय झालं, घरून काही आहे का?" घरून म्हणजे कुणाकडून, ते त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी आपली फाईल पुढे ओढली.

माझं वाक्य मी खोडलं नाही. त्याच्या खाली लिहिलं, "हे मी न विचारता लिहिलं. चुकले." आणि त्यांना कळवलं, कधीही या.

ते दिवाळीनंतरच्या एका रविवारी आले. मी त्यांना घ्यायला मांडव्याच्या धक्क्यावर गेले. बोटीतून उतरणाऱ्यांत मुंबईची सहलीची माणसं होती, टोप्या, गॉगल, कुत्री. त्यांच्या मागे एक उंच, किडकिडीत गृहस्थ एका खांद्याला शबनम लावून सावकाश चालत होते. उजवा हात पँटच्या खिशात. साठी उलटलेली असावी.

"तुम्हीच ना?" ते म्हणाले.

"हो. कसं ओळखलंत?"

"इथे सगळे समुद्राकडे बघतायत. तुम्ही माणसांच्या हातांकडे बघताय."

मी ओशाळले. ते हसले आणि हात खिशातून काढून मला दाखवला, एखादी वस्तू दाखवावी तसा. बोटं हलत होती. आम्ही सहा सीटर रिक्षाने चोंढीला आणि तिथून किहीमला आलो. रस्ताभर ते बाहेर बघत होते आणि मी काय बोलावं ते ठरवत होते.

वाडीत मी त्यांना पोफळ दाखवली. खोड पोटरीएवढं, सरळसोट, अंगावर वळ्या, आणि वर इवलासा झुपका. माड शेजारीच होता, वाकलेला, जाडजूड. ते दोघांमध्ये उभे राहून मान मागे टाकून बघत राहिले.

"मी यांना माडाची पोरं समजलो होतो," ते म्हणाले.

वही काढून ते वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला बसले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि काढायला लागले. मला तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन भात टाकला, वालाचं बिरडं सकाळीच करून ठेवलं होतं, मांदेली तळायला घेतली. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. त्या वाडीत कुणी पाहुणा असा बसल्याला किती दिवस झाले ते मी मोजायला गेले आणि सोडून दिलं.

जेवताना मी त्या मुक्या पानाबद्दल विचारलं.

"ते लेखकाचं नव्हतं," ते म्हणाले. "त्या महिन्यात त्यांची संहिता एक पान कमी आली. प्रकाशक म्हणाले, मारामारी वाढवा. मी घरी जेवत होतो. बायको जाऊन तीन महिने झाले होते. समोर डब्याचं झाकण होतं, तेच काढलं."

मी त्यांच्या पानात आणखी भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत.

"मुलंबाळं?" मी विचारलं.

"एक मुलगा, नागपूरला. चांगला आहे. तो म्हणतो, इकडे या."

"माझा भाऊ पण तेच म्हणतो."

"मग का नाही गेलात?"

मी म्हटलं, "सोलकढी घ्या."

निघताना ओट्यावर चपला घालता घालता ते म्हणाले, "तुम्ही नकाशे उतरवायचात असं लिहिलं होतं एकदा. हात अजून चालतो का?"

"चालत असेल. का?"

"पेन्सिलीत थरथरलं तर रबराने निस्तरता येतं. शाईत जे होतं ते राहतं. मी पेन्सिलीत काढून पाठवतो, शाई तुम्ही करा. प्रकाशकांना मी सांगतो."

"मी तुमच्यावर टीका करते, सर."

"म्हणूनच."

पहिली पानं पंधरा दिवसांनी कुरियरने आली. आईचा पलंग होता त्या खोलीत, खिडकीला लावून मी टेबल टाकलं. जुन्या निबा पेटीत होत्या, त्या गरम पाण्यात धुतल्या. पहिल्या दिवशी हात चालेना. दुसऱ्या दिवशी चालला. कचेरीतून आले की साडेसहापर्यंत उजेड असेतो काम, मग जेवण, आणि बरोबर आठला त्यांचा फोन.

"सातव्या पानावरचं कोपर बघितलंत?"

"बघितलं. तिथे पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत. कुठली धरू?"

"तुम्हाला कुठली वाटते?"

"मधली."

"मग मधली."

कामाचं बोलणं दहा मिनिटांत संपायचं. मग ते विचारायचे, आज काय केलंत जेवायला. मी विचारायचे, औषध घेतलं का. कधी ते गोदीच्या गोष्टी सांगायचे. त्यांचे वडील खरोखरच क्रेनवर होते. त्या चार महिन्यांत रविवारी भावाचा फोन आला तर मी घाईत असायचे. एकदा तो म्हणाला, "तुझा आवाज बरा वाटतोय." मी म्हटलं, हवा चांगली आहे.

नावाचा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं, माझं नको. त्यांनी छापायला दिलं, "शाई : एक वाचक". दोन अंक तसे निघाले. मी त्या दोन्हींवर काही लिहिलं नाही. आपल्याच कामावर कसं लिहिणार?

दुसऱ्या अंकानंतर निवृत्त कंपोझिटरांचं पत्र आलं. "दोन महिने तुम्ही गप्प आहात. मग मीच लिहितो. शाई बदलली आहे. हा जो कुणी एक वाचक आहे त्याचा हात अतिशय स्वच्छ आहे. एकही रेघ चुकलेली नाही. पण नायक आता काहीच उचलत नाही. त्याच्या हातात जहाज आहे आणि अंगावर त्याचं वजन नाही. ही माणसं नकाशातल्यासारखी झाली आहेत. त्या तुटक्या रेघेचा अंक मला आवडला नव्हता, पण त्यात माणूस होता."

मला आधी राग आला. मग मी पेटीतून त्यांची मूळ पानं काढली. मी त्यांच्या पेन्सिलीवर शाई करत नसे. वर पातळ कागद लावून उतरवत असे, जुन्या सवयीने, त्यामुळे पेन्सिलीची पानं माझ्याकडे तशीच होती. मी दोन्ही शेजारी ठेवली. नायक दोन्ही हात वर करून पुलाची तुळई तोलतो ते पान. पेन्सिलीत खांद्याची रेघ थरथरत वर गेली होती, काखेपाशी दोनदा अडखळली होती, आणि त्या अडखळण्यात तुळईचं सगळं वजन होतं. माझ्या रेघेत खांदा गुळगुळीत होता. मी ते सरळ केलं होतं. चोवीस पानांवर, जिथे जिथे हात हलला होता तिथे तिथे मी ते सरळ केलं होतं, आणि मला वाटत होतं की मी त्यांना मदत करतेय.

आठला फोन आला. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं.

"कडक लिहितात," ते म्हणाले.

"खरं आहे ना पण?"

"आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला पहिल्याच अंकाला दिसलं असेल."

"पहिल्याच पानाला दिसलं."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"बोललो असतो तर तुम्ही काम सोडलं असतंत," ते म्हणाले. "आणि आठ वाजता मी कुणाला फोन केला असता?"

त्यांच्याकडे कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "पुढची पानं पाठवा. या वेळी मी काही सुधारणार नाही."

तिसऱ्या अंकाची पानं आली तेव्हा त्यांचा हात आणखी बिघडलेला दिसत होता. काही चौकटींत चेहरे जेमतेम होते. मी पानाखाली उजेड केला, निब बदलली, आणि जी रेघ खाली होती तीच वर घेतली. ती हलली तिथे मी हलवली, थांबली तिथे थांबले, पुन्हा निघाली तिथे निघाले. हे सोपं नव्हतं. स्थिर हाताला थरथर उतरवायची तर एका वेळी सूतभरच पुढे जाता येतं. एकेक पान दिवस-दिवस चाललं. कचेरीतून मी पंधरा दिवसांची रजा काढली, नोकरीत इतकी सलग रजा मी आईच्या आजारपणातच काढली होती. ते काम करताना मला कळत होतं की यांना कुठे दुखतंय, कुठे त्यांनी मनगट धरलंय, कुठे धरायचं सोडून दिलंय. फोनवर ते हे काही सांगत नसत.

मी त्यांना पूर्ण झालेल्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. त्या संध्याकाळी फोनवर ते म्हणाले, "हा माझा हात आहे." आणि मग विषय बदलून विचारलं, "सुपारी सोलून झाली का यंदाची?"

तो अंक निघाला नाही. प्रकाशकांनी मासिक बंद केलं. कागद महागला होता, वर्गणीदार उरले नव्हते, त्यांचा मुलगा त्या धंद्यात पडायला तयार नव्हता. त्यांनी सगळ्यांना नम्रपणे पत्र पाठवलं. चोवीसची चोवीस पानं माझ्याकडेच होती. "पाठवू का?" मी आठच्या फोनवर चित्रकारांना विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्याकडे कुठे ठेवू? घर आवरतोय. मुलगा न्यायला येतोय."

ते नागपूरला गेले. पहिले काही दिवस फोन आठलाच यायचा. मग तो आधी यायला लागला, कारण मुलाकडे साडेसातला जेवतात. मग आठवड्यातून दोनदा. त्यांचा आवाज बारीक होत चालला होता, त्या थरथरीच्या आजारात तसं होतं म्हणे. मला एकच वाक्य दोनदा विचारावं लागे आणि दोनदा विचारल्याचा त्यांना त्रास होई, म्हणून मी न ऐकताही हो म्हणायला लागले. एकदा त्यांनी काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, आणि पलीकडे बराच वेळ शांतता झाली. काय विचारलं होतं ते मला अजून माहीत नाही. हल्ली मीच फोन करते. सून उचलते. चांगली आहे ती. "बाबा आत्ताच आडवे झालेत, मी सांगते हं तुमचा फोन आला होता," म्हणते.

वर्षभराने, मार्चमध्ये, मी त्या न निघालेल्या अंकावर लिहिलं. नेहमीच्याच क्रमाने. लेखनाबद्दल लिहिलं की शेवट घाईचा आहे आणि नायकाची आई याही अंकात विनाकारण येते. चित्रांत अकराव्या पानाची रचना फसली आहे, नायक आणि पूल एकमेकांत मिसळतात. पोफळी मात्र या वेळी पोफळीच आहेत, वळ्यांसकट. शाईबद्दल लिहिलं की आधीच्या दोन अंकांची शाई माझी होती आणि ती वाईट होती, या अंकाचीही माझीच आहे, आणि माझ्या वीस-बावीस वर्षांच्या कामात इतकं बरोबर उतरवलेलं दुसरं काही नाही. वाईट लिहायचं तर वाईट आणि चांगलं लिहायचं तर चांगलं, दोन्ही सारख्याच कोरडेपणाने लिहायचा मी प्रयत्न केला. ते मी छापून नागपूरला पोस्टानेही पाठवलं. सुनेने कळवलं की वाचून दाखवलं, बाबा पूर्ण वेळ जागे होते, आणि पोफळीच्या वाक्याला हसले.

कंपोझिटरांचं उत्तर चार दिवसांत आलं. "एक वाचक तुम्ही आहात हे मला समजायला हवं होतं. मी जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण हा अंक मला बघायचा आहे. कुठे मिळेल?"

मी कळवलं की तो कुठेच मिळणार नाही, पानं माझ्याकडे आहेत, फोटोत ती रेघ दिसत नाही, तुम्ही किहीमला या, बसून बघा, जेवायला थांबा. मांडव्याला घ्यायला येईन असंही लिहिलं, मग लक्षात आलं की विदर्भातून येणारा माणूस बोटीने कशाला येईल, आणि ते वाक्य काढून टाकलं.

त्यांनी लिहिलं, "बघतो. गुडघ्याचं जरा होऊ दे."

ती गोष्ट पाऊस सुरू होण्याआधीची. आता गणपती झाले. पानांना बुरशी धरू नये म्हणून मी ती दर रविवारी, भावाचा फोन येऊन गेला की, खोलीभर पसरून पंख्याखाली ठेवते आणि दुपारी परत पेटीत भरते.